मुरमाच्या वाटेनं जुन्या दगडांपर्यंत: नागपूरभोवती ग्रॅव्हल सायकलिंग सुरू करताना

नागपूरभोवती ग्रॅव्हल सायकलिंग सुरू करणाऱ्यानं सायकलच्या आधी माती ओळखायला शिकावं, असं माझं ठाम मत आहे. डांबर सोडून मुरमाच्या, गिट्टीच्या, बैलगाडीच्या वाटांनी लांबवर जायचं, एवढाच या प्रकाराचा अर्थ. अशा वाटांचा आपल्याकडे तोटा नाही. पांदण रस्ते आहेत, नहराच्या (कालव्याच्या) पाळी आहेत, जंगलाच्या कडेनं जाणाऱ्या आणि अजून डांबर न पडलेल्या गावसडका आहेत. या वाटांच्या अंगाला लोहयुगातली शिळावर्तुळं, म्हणजे दफनांभोवती गोल मांडलेले दगड आहेत, वाकाटक या प्राचीन राजघराण्याची राजधानी आहे, भोसल्यांचा भुईकोट आहे. सह्याद्रीतल्या किल्ल्यांसारखं इथलं काही दुरून दिसत नाही. आपल्याकडचे अवशेष जमिनीलगत आहेत. गाडीतून जाणाऱ्याला तिथं नुसते विखुरलेले दगड किंवा एखादी उंचवट्याची टेकडी दिसते. सायकलवरून मात्र ते नीट दिसतं, म्हणून या भागासाठी सायकलइतकं योग्य वाहन दुसरं नाही.

आधी माती

नागपूर दोन वेगळ्या खडकांच्या सीमेवर वसलंय. शहराच्या पश्चिमेला काळा बेसाल्ट आहे, पूर्वेला त्याहून कितीतरी जुना नाईस जातीचा खडक. उत्तरेला कामठीच्या बाजूला वालुकाश्म लागतो. हे भूगोलाच्या पुस्तकापुरतं नाही, चाकाखाली रोज जाणवतं.

पश्चिमेला, म्हणजे काटोल, कळमेश्वर, हिंगणा या बाजूंना उंचवट्यावर मुरूम असतो आणि सखल भागात काळी कसदार माती. एकाच पांदणीवर दोन्ही भेटतात. मुरूम पाणी पटकन खाली सोडतो, त्यामुळे मोठा पाऊस झाला तरी एक-दोन दिवसांच्या उन्हात वाट चालण्याजोगी होते. काळ्या मातीचं उलट. ओली झाली की ती टायरला लपेटते, फोर्कमध्ये अडकते, चाक फिरायचं थांबतं आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. चार-पाच दिवस कडक ऊन पडल्याशिवाय ती सुटत नाही. सुकल्यावर पुन्हा तिचा दुसरा त्रास. ओलेपणी ट्रॅक्टरनं पाडलेल्या खोल चाकोऱ्या दगडासारख्या घट्ट होतात आणि पुढचं चाक त्यात शिरलं की बाहेर काढता येत नाही. कन्हानच्या काठाला जमीन रेताड आहे. रामटेक-मौद्याच्या बाजूला धानाच्या बांध्या आहेत, तिथली धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची वाट दिवाळीपर्यंत ओली राहते.

नवख्यांसाठी एक सोपी युक्ती. मोबाइलच्या नकाशावर उपग्रहाचं चित्र उघडा आणि वाटेचा रंग पाहा. मुरमाची वाट फिकट, पिवळसर किंवा तांबूस दिसते. काळ्या मातीची वाट आजूबाजूच्या वावरांसारखीच गडद दिसते. घरी बसून वाट आखताना रंग बदलतो त्या जागा टिपून ठेवा. पावसाळ्यानंतर पहिले काही आठवडे फिकट वाटाच निवडा.

या रंगाचा अवशेषांशीही संबंध आहे. शिळावर्तुळं रचणाऱ्या लोकांनी आपली दफनं बहुतेक ठिकाणी नांगर न चालणाऱ्या, खडकाळ, मुरमाड बरडावर केली, आणि वस्ती पाण्याजवळ ठेवली. त्यामुळे विदर्भात जिथं सायकल सुखानं चालते, तिथंच ही वर्तुळं भेटण्याची शक्यता जास्त. हे एकदा लक्षात आलं की साध्या माळाकडे पाहायची नजरच बदलते.

सायकल

सुरुवातीला महागडी ग्रॅव्हल बाइक घेऊ नका. गिअरची एमटीबी (माउंटन बाइक) किंवा जाड टायर बसणारी हायब्रिड पुरते. टायर किमान ४० मिलिमीटर रुंद असावा. ४५ असला तर मुरमावर आणखी बरं. फक्त रोड बाइकची अरुंद चाकं घेऊन या वाटांवर येऊ नका, कारण गिट्टीवर रिम जातो.

हवा कमी ठेवायला शिकणं ही खरी पहिली पायरी. रस्त्यावर सायकल चालवणारे टायर दगडासारखा टणक करतात. मुरमावर तसा टायर उडतो आणि घसरतो. सत्तर किलोच्या माणसानं ४० मिलिमीटरच्या ट्यूबच्या टायरमध्ये ४० पीएसआयच्या (हे हवेच्या दाबाचं माप) आसपास हवा ठेवून पाहावी, मग स्वतःच्या वजनाप्रमाणे पाच-पाचनं कमीजास्त करावी. फार कमी केली तर दगडावर आपटून ट्यूबला सापाच्या चाव्यासारखी दोन छिद्रं पडतात.

इथला मोठा शत्रू काटा. बाभूळ, बोर आणि गवतातले सराटे. शेतकरी धुऱ्यावर काट्यांच्या फांद्या टाकतात आणि त्या सरकत पांदणीत येतात. परवडत असेल तर टायर ट्यूबलेस करून आत सीलंट, म्हणजे छिद्र आपोआप बुजवणारा द्रव भरा, बारीक काट्यांचा प्रश्न जवळजवळ मिटतो. ट्यूबच वापरत असाल तर दोन जादा ट्यूब, पंप, टायर लिव्हर आणि पंक्चरचे पॅच सोबत हवेतच. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट हळूच फिरवून काटा शोधून काढा. तो आत राहिला तर नवी ट्यूब शंभर मीटरही टिकत नाही. पंक्चर काढणं घरीच, निवांत बसून, दोन-तीनदा करून पाहा. महामार्ग सोडला की सायकलचं दुकान मिळत नाही आणि मोटारसायकलवाल्याकडे तुमच्या मापाची ट्यूब नसते.

चालवणं

हँडल घट्ट आवळू नका. हात सैल, कोपर थोडे वाकलेले, नजर आठ-दहा मीटर पुढं. सुट्या मुरमावर पुढचा ब्रेक एकदम दाबला की चाक निसटतं, म्हणून वळणाच्या आधीच वेग उतरवा आणि वळताना ब्रेक सोडा. रेती लागली तर एक गिअर हलका करा, वजन किंचित मागं घ्या आणि पायडल थांबवू नका. चाकोरीत शिरायचं की कडेनं जायचं हे आधीच ठरवा, मध्येच मन बदललं की माणूस पडतो. नाल्यावरच्या रपट्यावर, म्हणजे बुटक्या पुलावर शेवाळ असतं. तिथं सरळ रेषेत, ब्रेक न लावता जा, आणि पाणी वाहत असेल तर उतरून चाला. पाण्याचा तळ दिसत नसेल तर परत फिरा.

पहिले काही रविवार पंचवीस-तीस किलोमीटरच्या पलीकडे जाऊ नका. मुरमावरचे तीस किलोमीटर डांबरावरच्या पन्नासाइतके लागतात.

महिने आणि वेळ

ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी हा इथला हंगाम. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी असते, सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सहाच्या आत मावळतो. दिवस लहान आहे हे गणितात धरा. मार्चमध्ये पळस फुलतो आणि जंगलाच्या कडा पेटल्यासारख्या दिसतात. हा काळ सुंदर आहे, पण सकाळी दहाच्या आत घरी पोहोचायचं. पुढं पहाटे मोह वेचायला लोक निघतात, मोहासाठी अस्वलंही येतात, तेव्हा झाडोऱ्यात शिरू नका. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, सायकल घरात ठेवा, मी तरी दुसरा सल्ला देणार नाही.

जंगलात कुठं जायचं आणि कुठं नाही

नवखा माणूस इथं सर्वांत जास्त गोंधळतो. नकाशावर हिरवं दिसलं आणि त्यातून वाट गेली, म्हणजे तिथून जायची मुभा आहे असं नसतं. पेंच व्याघ्र प्रकल्प, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आणि बोर या संरक्षित क्षेत्रांत परवानगीशिवाय प्रवेश १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद आहे. राखीव वनांना १९२७ चा वन कायदा लागू आहे. गोरेवाड्याचं जंगल कुंपणाच्या आत आहे, त्याच्या फटीतून शिरू नका. गावांना जोडणारे सार्वजनिक रस्ते जंगलातून जातात, तेवढे आपले. शंका असेल तर जवळच्या वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात आदल्या दिवशी विचारा. विचारणाऱ्याला ते बहुतेक वेळा नीट सांगतात, शिवाय वाघ अलीकडे कोणत्या बाजूला फिरतोय हेही कळतं.

वाघाचं हे मी भीती घालायला सांगत नाही. नागपूर जिल्ह्यात वाघ अभयारण्याबाहेरही फिरतो, विमानतळालगतच्या मिहान या औद्योगिक परिसरातही दिसल्याच्या बातम्या आलेल्या आहेत, आणि बिबट्या तर शहराच्या कडेला असतोच. म्हणून नियम सोपे ठेवा. सूर्य उगवल्यावर जंगलाच्या वाटेला लागायचं, सूर्य मावळण्याच्या तासभर आधी बाहेर पडायचं. एकटं जायचं नाही. कानात इअरफोन नाही. दाट झुडपाच्या वळणावर घंटी वाजवायची, बोलत जायचं. गुराखी एखाद्या बाजूला जाऊ नका म्हणाला तर जायचं नाही, वाद घालायचा नाही. रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर आडवे येतात, त्यांच्या मागं आणखी असतात, म्हणून पहिलं गेल्यावर लगेच निघू नका.

आणि एक धोका, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. रानडुकरांपासून पीक वाचवायला वावराभोवती विजेचा हलका झटका देणाऱ्या झटका मशीनची तार लावलेली असते. कुठंकुठं बेकायदा थेट विजेची तारही असते, ती जीव घेते. कुंपणाची कोणतीही तार हातानं उचलू नका, सायकल तारेखालून ढकलू नका. फाटक शोधा, किंवा वळसा घाला.

पहिली वाट: काटोल रोड, जुनापाणी, माहूरझरी

सुरुवात याच वाटेनं करावी. काटोल नाक्यावरून उजाडताच निघा. बाह्यवळण रस्ता ओलांडेपर्यंत ट्रकची वर्दळ असते, तेवढं सांभाळा. जुनापाणी शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. इथं सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत. मोठमोठ्या काळ्या दगडांचं कडं, मधे मातीचा थोडा फुगवटा, एवढंच दिसतं. १८७९ मध्ये रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं इथं उत्खनन केलं, नंतर १९६२ च्या सुमारास बी. के. थापर यांनी पुन्हा काम केलं. काही दगडांवर वाटीसारखे कोरलेले खळगे आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात ते स्पष्ट दिसतात, बाराच्या उन्हात दिसत नाहीत. लवकर निघा म्हणायचं खरं कारण हेच.

सायकल वर्तुळांच्या बाहेर, वाटेवरच आडवी ठेवा आणि पायी फिरा. एक वर्तुळ नीट पाहा, त्याभोवती चक्कर मारा, मग पुढचं दिसतं, मग त्यापुढचं. हळूहळू सगळा माळ वाचता येऊ लागतो.

माहूरझरी शहरापासून पंधराच्या आसपास, काटोल रोडवरून फुटणाऱ्या गावरस्त्यांनी गाठायची. १९७० ते ७२ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या वतीनं शां. भा. देव यांनी इथं उत्खनन केलं. माणसांसोबत घोडा पुरल्याचे पुरावे मिळाले, घोड्याच्या डोक्यावर घालायचे तांब्याचे दागिने मिळाले. नंतरच्या काळात इथं अकीक आणि तसल्या दगडांचे मणी घडवले जात. आजही पावसानंतर जमिनीवर मण्यांचे, गारगोटीचे तुकडे उघडे पडतात. खिशात घालू नका. तो तुकडा जिथं पडलाय तिथं असण्यालाच अर्थ आहे. घरच्या शोकेसमध्ये तो नुसता खडा असतो.

ही फेरी चाळीस किलोमीटरच्या आत बसते. पहिले काही रविवार जुनापाणीहूनच परत फिरा. परतताना काटोल रोडला तर्री पोहे मिळतात, ते चुकवू नका. वाटेत संत्र्याच्या बागा आहेत. आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या सुमारास लगडलेली असतात, पण हात लावायच्या आधी मालकाला विचारा. विचारल्यावर बहुतेक वेळा पिशवी भरून मिळते.

दुसरी वाट: कन्हानचं खोरं

नदीची सवय व्हायला ही वाट. कोराडी रोडनं खापरखेडा, तिथून बिना. इथं कोलार, कन्हान आणि पेंच या नद्या एकत्र येतात. पुढं नदीच्या अंगानं पाटणसावंगी आणि वाकीकडे वर जाता येतं. सगळी फेरी साठ-सत्तर किलोमीटरची होते. कोळशाच्या खाणी आणि वीज केंद्रांमुळे टिप्पर धावतात आणि धूळ फार असते, म्हणून रविवार निवडा आणि तोंडाला रुमाल बांधा. रेतीघाटाकडे उतरणाऱ्या ट्रॅक्टरच्या वाटा मोहात पाडतात, पण त्या नदीपात्रात जाऊन संपतात. वाकीच्या डोहात उतरू नका. वरून शांत दिसणाऱ्या त्या पाण्यात बुडून माणसं गेली आहेत.

तिसरी वाट: नगरधन, रामटेक, मनसर

दम आल्यावर ही करा आणि पूर्ण दिवस द्या. नागपूरहून महामार्गानं सायकल चालवत जाऊ नका. ती वाट ट्रकची आहे, तिथं पाहण्यासारखं काही नाही. सायकल गाडीवर लादून रामटेकला न्या आणि तिथून सुरू करा. नगरधन आणि मनसर दोन्ही रामटेकपासून साधारण दहा किलोमीटरच्या आत आहेत. धान कापून झाल्यावर, डिसेंबरमध्ये, इथल्या वाटा सर्वांत चांगल्या असतात.

आधी नगरधन. हेच वाकाटकांचं नंदिवर्धन. आज उभा दिसतो तो भुईकोट भोसल्यांच्या काळातला आहे. आतली पायऱ्यांची विहीर आणि तिच्यातलं देवीचं ठाणं आवर्जून पाहा. पण खरी राजधानी किल्ल्याच्या भिंतींपुरती नव्हती, ती आजूबाजूच्या वावरांखाली पसरलेली आहे. २०१५ ते २०१८ या काळात डेक्कन कॉलेज आणि राज्य पुरातत्त्व विभागानं इथं उत्खनन केलं. त्यात प्रभावतीगुप्ता राणीच्या नावाची, शंखाचं चिन्ह असलेली मातीची मुद्रा सापडली. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी, वाकाटक राजा रुद्रसेन दुसरा याची राणी. तो अकाली गेल्यावर मुलं लहान असताना तिनं इथून राज्य चालवलं. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी एका बाईनं चालवलेल्या राज्याची जागा आपल्यापासून चाळीसेक किलोमीटरवर आहे, आणि नागपूरच्या कितीतरी लोकांनी ती पाहिलेली नाही. मला हे मनापासून खटकतं. निदान सायकलवाल्यांनी तरी तिथं जावं.

तिथून रामटेक. गड चढायचा रस्ता डांबरी आहे पण चांगलाच खडा आहे, सर्वांत हलका गिअर लावा. वर केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही वाकाटककालीन देवळं आहेत, जाड दगडी भिंतींची, बसकी, प्रचंड मूर्ती आत सामावून घेणारी. बहुतेक भाविक राममंदिराकडे घाईनं जातात आणि ही मागं राहतात. कपूर बावडीही पाहून घ्या. माकडं सायकलला लावलेली पिशवी उघडतात, खाण्याचं सामान अंगावर ठेवा.

शेवटी मनसर, गावरस्त्यांनी. मँगनीजच्या खाणीमुळे काही रस्त्यांवर टिप्पर असतात. हिडिंबा टेकडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उंचवट्यावर १९९८ पासून जगत्पती जोशी आणि ए. के. शर्मा यांनी उत्खनन केलं आणि आतून विटांची भलीमोठी, थरांथरांची वास्तू बाहेर आली. दुसऱ्या प्रवरसेनानं, म्हणजे प्रभावतीगुप्तेच्या मुलानं वसवलेलं प्रवरपूर हेच, असं अनेक अभ्यासक मानतात. आई आणि मुलाच्या राजधान्या एका दिवसात सायकलवर जोडता येतात, अशी वाट महाराष्ट्रात दुसरी मला माहीत नाही.

हे जमलं की पुढं दोन दिवसांचा बेत करता येईल. पारशिवनी तालुक्यात पेंचच्या काठी नायकुंड आहे, तिथं लोखंड गाळायची लोहयुगातली भट्टी उत्खननात मिळाली. वैनगंगेवरचं पवनीही आहे, पण त्या बाजूला अभयारण्य असल्यानं वाट आधी विचारूनच ठरवा.

सोबत काय, बोलायचं कसं

दर माणशी तीन लिटर पाणी, मीठ-साखरेची पुडी, चणे-गूळ, डोक्याला दुपट्टा, प्राथमिक उपचाराची पिशवी, शिट्टी, चार्ज केलेली पॉवर बँक. जंगलाच्या बाजूला मोबाइलला रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि घरी वाट व परतायची वेळ सांगून निघा.

नकाशापेक्षा माणूस बरा. गावात शिरताना उतरा, राम राम करा, चावडीवर किंवा पानठेल्यावर विचारा: ‘भाऊ, हे पांदण कोणत्या गावाले निघते?’ ‘समोर नाल्यात पाणी हाय, सायकल नाई निघत,’ असं उत्तर आलं तर ते उपग्रहापेक्षा ताजं आहे. ‘भोसल्यांच्या वेळचं काही आहे का इथं?’ किंवा ‘गोल मांडलेले दगड कुठं आहेत का?’ असंही विचारत जा. म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असतं. पेरलेल्या वावरातून सायकल घालू नका, रब्बीचा हरभरा धुऱ्यापर्यंत असतो.

निघण्याआधी एक दुपार नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात घालवा. १८६३ पासूनचं हे संग्रहालय विदर्भातल्या जुन्या वस्तू सांभाळून आहे. वस्तू आधी पाहिल्या की जागेवर गेल्यावर डोळ्यांना काय शोधायचं ते कळतं.

आणि फिरताना एखादं न नोंदलेलं वर्तुळ, मूर्तीचा तुकडा, जुन्या विटांचा ढीग दिसला तर त्याला हलवू नका, साफ करू नका, शेंदूर लावू नका. संरक्षित स्मारकांना १९५८ चा कायदा आहे. बाकीच्यांना फक्त आपली काळजी आहे. दुरून एक आणि जवळून एक असे फोटो घ्या, मापासाठी शेजारी पाण्याची बाटली ठेवा, मोबाइलवरून अक्षांश-रेखांश टिपा, जमीन कोणाच्या मालकीची ते गावात विचारून लिहून घ्या, आणि हे सगळं नागपूरच्या राज्य पुरातत्त्व कार्यालयात किंवा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाकडे लेखी द्या. समाजमाध्यमावर नेमकी जागा टाकू नका. तिथं गुप्तधन शोधणारे तुमच्या आधी पोहोचतात.